जिथे हात पोचला नाही

बाबा, राम घाटावर बसून लिहितोय. खरं तर देवास गेटच्या स्टँडवरून इंदूरची बस पकडायची होती, पण माझे पाय तुम्हाला माहीत आहेत, कुठेही वळतात. कॉलेज अर्ध्यात सोडलं, चार नोकऱ्या सोडल्या. पाचवी याच गावातली, फ्रीगंजमधली. अणुवीज केंद्रातल्या जुन्या तपासणीच्या वह्या कंप्युटरमध्ये उतरवायच्या, पाइपची जाडी कुठे किती उरली ते आकडे. त्यांवरून कंप्युटर अख्खा पाइप पडद्यावर उभा करतो, दाब चढवून बघतो, कुठे फुटेल ते सांगतो. धोक्याची जागा लाल, बाकी हिरवी. एका वहीत वळणाजवळचे तीन रकाने रिकामे होते, समोर लिहिलेलं, 'हाथ नहीं पहुँचा'. सरांना विचारलं तर म्हणाले, "भिया, मशीन को खाली नहीं चलता. आजू-बाजू का देख के भर दे. तेरे बाप का पाइप है क्या?" मी हसलो, भरलं. मग लक्षात आलं, अक्षर तुमचं.

आठवतंय, मी आठवीत आहे. तुम्ही सुट्टीवर आलायत, आई पोहे परततेय आणि तिथेच पाटावर बसून तुम्ही माझी प्रयोगवही बघताय. पाण्याचं तापमान मी मोजलंच नव्हतं, मित्राचे आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिले होते. तुम्ही ओरडला नाहीत. रबरानं एकेक आकडा खोडलात, कागद विरेपर्यंत. "नापास हो, चालेल. रिकामी जागा दिसली तर कुणीतरी परत जाऊन मोजेल. भरलेली बघून कोण जातंय?"

आता कुणी जाणार नाही. पडद्यावर ते वळण हिरवंगार आहे आणि फाइल पुढे गेली. सरांना सांगितलं, तर "जो गया सो गया, तू चाय पी." केंद्रात कळवावं म्हटलं, तर तिथला माझ्या ओळखीचा माणूस एकच होता, तुम्ही. काल नोकरी सोडली. त्यानं काय होतंय? तीन आकडे तिथेच आहेत.

आत्ताच एक पंडितजी विचारून गेले, "किनका श्राद्ध करवाना है? तिथि?" मला तुमची तिथी आठवेना. "मालूम नहीं तो अमावस की कर देते हैं." मी नको म्हटलं.

हा कागद खिशातच राहील. वर एक खोटं लिहिलंय बाबा. अक्षर मी भरल्यावर नाही, आधीच ओळखलं होतं.