शाल पोर्टलवाल्याला

लालबाग, बुऱ्हाणपूर. मंगळवार, संध्याकाळ

शहरातल्या सगळ्या कॉलेजांचे निकाल आमच्या कॉलेजच्या एका पोर्टलवर जोडले, म्हणून आज समारंभ. पोर्टल बनवणाऱ्याला शाल-नारळ, आणि आभार मानायला मी! इथे शिकवता शिकवता कॉम्प्युटर सुरक्षेवर पीएचडी करणारी मी. त्या पोर्टलमधलं भगदाड मीच शोधलं होतं. ब्राउझरमध्ये वर दिसणाऱ्या वेब-पत्त्यातला रोल नंबर बदलला की कोणाचेही मार्क बदलता येतात. प्रिन्सिपल सरांना लगेच कळवलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तपासायला सांगितलं कोणी?"

शाल पांघरली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या?

नंतर सरांना गाठून विचारलं, भगदाड बुजवलं का? ते हसले. "ये बात अजून कोणाला बोलल्या तर नाही ना?"

"नाही सर."

"मग झालं! कोणाला माहीतच नाही, तर सेफच आहे ना."

वर म्हणे, या भगदाडावरचा शोधनिबंध छापायला पाठवू नका, कॉलेजची बदनामी होईल. आणि माझ्या पीएचडीचं काय?

घरी येऊन पाहिलं. भगदाड तसंच. त्यावर शाल तेवढी पांघरलीय.

उद्या पहिल्या तासाला मला शिकवायचंय की लपवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. मागच्या बाकावर बसून सर माझं शिकवणं तपासणार आहेत.