अर्जातला अकरावा प्रश्न

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि एक सूचना, हे पत्र बसून वाच.

तुझा साहेब मला चावला. उजव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. गेल्या मंगळवारी सकाळी तो टेबलाखाली झोपला होता. माझ्या हातून कात्री पडली, ती उचलायला मी वाकले आणि माझा हात त्याच्या तोंडाजवळ गेला. तो दचकून जागा झाला आणि त्याने हात धरला. मग सोडला, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच त्याची माफी मागावी. अक्षराकडे पाहून घाबरू नकोस, पेन पहिल्या दोन बोटांत धरून लिहिते आहे.

सात टाके पडले. इंजेक्शनं चालू आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं आहे, तेव्हा सध्या आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून आहोत. तो ठणठणीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त जेवतो.

जखम भरेल. पण अंगठ्याच्या टोकाला स्पर्श कळत नाही. सर्जन म्हणतात, आतली नस तुटली आहे. ऑपरेशन करून जोडता येईल, पण ते तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं आणि पुढे सहा महिने हाताला काम नको. तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं रफू करते. कुठला धागा वर आहे आणि कुठला खाली, हे डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं. काल गिऱ्हाइकाची एक पँट घेऊन बसले, तर सुई कापडात आहे की बोटात हेच कळेना. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या बाई सज्जन आहेत, तुमची जागा धरून ठेवते म्हणाल्या. कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही.

तुमच्या नव्या घराची कामं संपली की साहेबाला घेऊन जा. घाई नाही. लोभ होता तसाच असू दे आणि राग कुत्र्यावर काढू नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तू बसून वाच म्हणालीस ते मला दुसऱ्या ओळीला पटलं.

रजा टाकून आधी विमा कंपनीत गेलो. माझ्या घराच्या विम्यात पाळीव जनावराने बाहेरच्या माणसाला इजा केली तर भरपाईची सोय आहे, आणि तू वेगळी राहतेस म्हणजे कागदोपत्री बाहेरचीच. ऑपरेशन आणि सहा महिन्यांची मजुरी दोन्ही त्यात बसेल. मात्र कंपनीला मालकाचा हलगर्जीपणा दिसायला हवा. कुत्रा चावरा आहे हे मालकाला माहीत होतं आणि त्याने ते सांगितलं नाही, असं ठरलं तर भरपाई पूर्ण मिळते.

ताई, मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी हिच्या हाताला लागलं होतं ते तुला आठवत असेल. कुंपणाच्या तारेत हात अडकला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तो साहेब होता. ही बाहेरून आली, झोपलेल्या कुत्र्याचा पट्टा सारखा करायला वाकली आणि त्याने कोटासकट हात धरला. ही तेव्हाच म्हणत होती की कुत्रा दुसरीकडे देऊ. मीच ऐकलं नाही, आणि तार म्हणायलाही मीच लावलं. कोट तुझ्याकडेच रफूला आला होता. आणि कुत्रा तुझ्या दारात सोडताना मी म्हणालो की अगदी गरीब गाय आहे.

हे सगळं मी कंपनीच्या कागदावर लिहून सही केली. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं नकाशे काढले, पण इतकी सरळ रेघ कधी मारली नसेल. सोबत तुझ्या वाटणीचा अर्ज आहे. दहा मार्चच्या आत पाठव. प्रश्न सोपे आहेत. अकरावा तेवढा नीट वाच: जनावर चावरं असल्याची आपल्याला आधी कल्पना होती का? तिथे 'नाही' लिहायचं, 'हो' लिहिलं तर भरपाई कापतात.

माझ्यावर लोभ ठेवावासा वाटत नसेल तर थोडे दिवस थांबून ठेव.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. तुझी कबुली मिळाली. वाचून राग आला नाही, कारण मला आल्यास तो कोणत्या तोंडाने यावा हा प्रश्न आहे.

मलाही माहीत होतं. कापड तारेला अडकलं की लांब चिरतं आणि धागे एका बाजूला ओढले जातात. त्या बाहीला चार भोकं होती, दोन वर, दोन खाली, आणि धागे आत दाबले गेलेले. अस्तरात एक आखूड पिवळट केस होता. तुमच्या घरात तशा रंगाचे केस एकट्या साहेबाला आहेत.

ज्या बाईंकडे मी काम शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भोक कसं पडलं हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. माणसं सिगारेटने जळालेलं आणतात, भांडणात फाटलेलं आणतात, काहीतरी सांगतात आणि आपण हो म्हणतो. तुम्ही तार म्हणालात, मी तार धरली. नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा, असंही वाटलं. काम चांगलं झालं, एवढंच तेव्हा मनात आलं.

मग तू कुत्रा ठेवशील का म्हणून विचारलंस. तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं. पण कित्येक वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंस, त्याचंच मला अप्रूप वाटलं.

तेव्हा अर्ज भरला आहे, पण अकराव्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे. साहेबाचे दहा दिवस संपले, त्याला काही झालेलं नाही. लोभ दोन्ही बाजूंनी असू दे.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज लांबण लावत नाही.

तुला कुणी सांगितलं नव्हतं. चार भोकं पाहणं आणि माहीत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तू 'नाही' लिहिलंस तर कुणी तुझ्या मनात शिरून पाहायला येणार नाही. मी माझी लाज कंपनीच्या टेबलावर मांडली. तिथल्या गृहस्थांनी ती शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचली. ते मी सोसलं ते तुझा हात नीट व्हावा म्हणून. आता तू सचोटी काढून बसलीस तर त्या सचोटीने नस जोडली जाणार नाही. तीन महिन्यांतला एक तर जवळजवळ गेलाच.

घरीही ठीक नाही. हिने तुझी दोन्ही पत्रं मागून घेतली आणि दार लावून वाचली. काय मनात आहे ते सांगत नाही.

एक शब्द लिही आणि पाठव. लोभाचं नंतर पाहू.

तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. यांच्या पत्राच्या शेवटी नमस्कारापुरती मी असते. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे.

तो कोट मी तुमच्याकडे मुद्दाम पाठवला होता. आमच्या रस्त्याच्या तोंडाशीच रफूचं दुकान होतं, दोन दिवसांत काम झालं असतं. पण हे माझं ऐकत नव्हते आणि तुमचं ऐकतात. कुणाला सांगणार नाही असं यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, म्हणून तोंडाने सांगता येईना. मला वाटलं, तुम्ही बाही पाहाल आणि विचाराल. एकदा विचारलं असतंत तर मी सगळं सांगितलं असतं. अस्तरातला तो केस मला दिसला होता, मी तो झटकला नाही.

आठ दिवसांनी कोट परत आला. खिडकीशी नेऊन पाहिला, उलटा करून पाहिला, कुठे फाटला होता ते मलाच सापडेना. तुमची चिठ्ठी असेल म्हणून दोन्ही खिसे पाहिले. दुकानाची पावती होती.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. कुत्रा तुमच्याकडे गेला त्या दिवशी मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर तो घरातून गेला म्हणून मला हायसं वाटलं. तुमच्या हाताचं कळलं तेव्हापासून मला तेच आठवतं आणि झोप लागत नाही. मी कंपनीला माझ्या नावाने हे लिहून द्यायला तयार आहे.

अकराव्या प्रश्नाचं मी काही सांगत नाही. तुम्ही ठरवाल ते खरं. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी मी समजून घेईन.

आपली भावजय

२८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. उत्तराला महिना लागला. हात हे एक कारण आहे, पण ते मोठं नाही.

अकराव्या प्रश्नापुढे मी लिहिलं: हो. कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. कंपनीचे गृहस्थ घरी आले, हात पाहिला, कुत्रा लांबून पाहिला. मग कुत्रा ठेवून का घेतलात, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न अर्जात नाही, असं मी सांगितलं. परवा पत्र आलं. चूक दोन्हीकडे आहे, म्हणून भरपाई अर्धी. त्यात ऑपरेशन होतं, पुढचे सहा महिने होत नाहीत. ते महिने तुझ्या नवऱ्याने अंगावर घेतले आहेत. रागावलेला आहे, पण घेतले आहेत.

ऑपरेशन चार तारखेला आहे. बारीक काम पुन्हा जमेल असं सर्जन छातीठोकपणे सांगत नाहीत. दुकानातल्या बाईंनी माझी जागा दुसरीला दिली, ते ठीकच केलं.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. विचारायचं नाही, ही आमच्या कामाची रीत असं मी तुझ्या नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती रीत खरी आहे. तू गिऱ्हाईक नव्हतीस. तुला विचारलं असतं तर भावाशी वाकडं घ्यावं लागलं असतं आणि ते मला नको होतं. याचं मला अंगठ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. तुझा कोट मी फार सफाईने शिवला, त्याचीही आता लाज वाटते.

वरची दोन भोकं अस्तराच्या पार गेली होती. म्हणजे आत हाताला बरंच लागलं असणार, हे मला टेबलावर बाही पसरली तेव्हाच दिसलं होतं. म्हणून दीड वर्ष उशिरा विचारते आहे: तुझा हात अजून दुखतो का? लोभ ठेव आणि खरं काय ते सविस्तर लिही.

तुझी वन्सं