पुढे कोण बसणार

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं एकदाचं! इलेक्ट्रिक सायकल घ्यायची. माझ्यासाठी. यांनी उन्हाळ्यात स्कूटर विकून टाकली, तेव्हापासून भाजीला ऑटो, चक्कीवर ऑटो, लतिकाकडे गढ्याला जायचं तरी ऑटो. सख्खी बहीण, पण जायचं म्हणजे आधी ऑटोवाल्याशी भांडण! सिहोऱ्याला शाळेत मी सायकलनंच जायची ना. वैभवी पुण्याहून फोनवर हसली – "आई, पडशील!" पोटची पोर, पण बोलणं पहा.

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घेऊ. मी चालवीन, तू मागे बस."

लग्न झाल्यापासून मागेच बसून राहिली मी. आता नाही.

१६ सप्टेंबर
पितृपक्षात गाडी घेत नाहीत. पाहायला कोणाची मनाई? इथल्याच गोरखपूर बाजारात गेलो. पहिली सायकल बारीक चाकांची. गढ्याच्या गल्लीत नुसती गिट्टी, तिथं ही काय टिकते! दुसरीची चाकं जाड, पण दांडा उंच. साडी नेसून चढायचं म्हणजे सर्कसच. अन् दुकानदार सगळं यांनाच सांगून राहिला – "अंकल जी, चढ़ाई पे मस्त जाती है." मी म्हटलं, "भैया, चलानी मुझे है." तो हसला. हेही हसले! मी तडक दुकानाबाहेर पडले.

१९ सप्टेंबर
लतिकाचा फोन. "काहून एवढा खटाटोप? भाऊजी आहेत ना न्यायला." आहेत. पण दर वेळी कोणाच्या सवडीनं निघायचं?

२३ सप्टेंबर
घट बसले, आता घ्यायला हरकत नाही. दुसऱ्या दुकानात एक मनात भरली. दांडा खाली, चाकं ना बारीक ना जाड. बॅटरी काढून वर नेता येते – आपण दुसऱ्या मजल्यावर, खाली चार्जिंग कुठं करणार? मदन महलच्या चढावर नेऊन पाहिली. पॅडल मारलं की मागून कोणी ढकलतंय असं वाटतं. मग मुद्दाम कच्च्या रस्त्यावर घातली. हादरे बसले, पण घसरली नाही. उतारावर ब्रेकही चांगला लागला. बस, हीच!

मग यांनी चालवली. परत येताना उजव्या हाताच्या फळाच्या ठेल्याला घासले. सीताफळं रस्त्यावर! वरून त्यालाच ओरडले, "ठेला बीच में लगाके रखा है!"

ठेला कडेलाच होता.

२९ सप्टेंबर
आली! निळी घेतली. यांनी मागे कॅरिअरवर गादीची सीट लावून घेतली. "तुझ्यासाठी," म्हणे. चाबी यांच्या खिशात. मागितली तर, "दसऱ्याला पूजा होऊ दे आधी." असा संताप आला! सायकल माझी, पसंती माझी, अन् चाबी यांची.

२ ऑक्टोबर, दसरा
हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. चाकाखाली लिंबू. ते कोणी चिरडायचं यावरून आमची चांगलीच जुंपली. शेवटी सणासुदीला तोंड कशाला वाजवायचं म्हणून मी बाजूला झाले. हे ऐटीत बसले.

खालच्या अंगणाला उतार. लिंबू घरंगळलं, यांच्या उजव्या पायाशी जाऊन थांबलं. पिवळंधम्मक.

"लिंबू कुठं गेलं?"

"पायाशी तर आहे."

खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं. अख्खी मान वळवली तेव्हा दिसलं.

मग उतरले. "चक्कर येऊन राहिली. तूच कर," म्हणाले अन् चाबी माझ्या हातात ठेवली. किती भांडले होते मी या चाबीसाठी! हातात आली तर आनंद कशाचा! लिंबू मीच चिरडलं.

३ ऑक्टोबर
पहिली फेरी. मी पुढे, हे मागे. गढ्याच्या वळणाआधी कानाशी म्हणाले, "पद्मजा, उजवीकडचं मला उन्हाळ्यापासून दिसून नाही राहिलं. स्कूटर त्याच्यासाठीच विकली."

मी थांबले नाही. "घट्ट धरा," म्हटलं, अन् लतिकाकडचं वळण सोडून डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता धरला.