हवेचा दोष

न्यू पनवेल,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. पायांवर डोकं ठेवलंय असं समज, कारण पुढे तुझंच डोकं खाणार आहे. माझं बरं चाललंय. गच्चीचा जिना चढताना गुडघा कुरकुरतो, तेवढंच. सूनबाई निशा आणि आपली इरा मजेत असतील.

अक्षर एवढं ढब्बू आणि जाड काळ्या स्केचपेनने का काढलंय, म्हणून हसू नकोस. सहज काढावंसं वाटलं.

तू तपासायला म्हणून निशाबरोबर पाठवलेला दुर्बिणीचा आयपीस, ते डोळ्याशी धरायचं भिंग, या पत्रासोबत त्याच डब्यात परत पाठवते आहे. निशा आज संध्याकाळी डबा न्यायला येईल. तिला मी काही बोललेली नाही. तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल कुजबुज मला करायची नाही. जे काही आहे ते आधी तुला.

पहिल्यांदा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॅमेरा कोणता घेऊ, की ती मोबाईलवर चित्र दाखवणारी तयार दुर्बीणच घेऊ, असं तू विचारलंस. दादा, मी फोन कानाला लावून चक्क खाली बसले. आयुष्यभर मला "फोटोवाली" म्हणून चिडवलंस. "तू आकाशाचे फोटो काढतेस, मी आकाशाला भेटायला जातो," हे तुझं वाक्य तर आपल्या आकाशदर्शन मंडळातल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या तयार दुर्बिणीला तू "डबा" म्हणायचास. मंडळातल्या सत्यजीतने तसला डबा घेतला, तेव्हा भर कट्ट्यावर त्याला विचारलंस, की लग्नाचा अल्बम बघून जेवण झाल्यासारखं वाटतं का तुला? बिचारा महिनाभर फिरकला नाही.

आणि आता तुलाच डबा हवाय. वर विचारतोस, "चित्र मोठ्या टीव्हीवर दिसेल ना?"

तर ऐक. पनवेलच्या आकाशात कॅमेऱ्याची बाजू वरचढ आहे, हे मी आधीपासून सांगत आलेय. दिव्यांचा उजेड, उलव्याच्या विमानतळाकडून येणारी धूळ, यातून डोळ्याला तेजोमेघ दिसतच नाहीत. कॅमेरा मात्र तासभर थेंब थेंब उजेड साठवतो आणि चित्र उभं करतो. पण त्यासाठी पैसे दुर्बिणीच्या नळीवर घालू नयेत, खालच्या स्टँडवर घालावेत. स्टँड डगमगला की महागातला कॅमेरासुद्धा ताऱ्यांच्या शेवया काढतो. डोळ्याने बघणाऱ्याला मात्र तुझी सहा इंची आरशाची दुर्बीण पुरे. आपटा गावाला नदीकाठच्या अंधारात ती लावली की कुठलाच कॅमेरा तिच्या जवळपास येत नाही. हे मी, फोटोवाली, लिहून देते आहे. सांभाळून ठेव.

म्हणून माझा सल्ला, तू काहीही घेऊ नकोस. तुझी दुर्बीण चांगली आहे.

आयपीसही चांगला आहे. बुरशी नाही, मधोमध डाग नाही, ओरखडाही नाही. खिडकीशी धरून पाहिला, विजेरी मारून पाहिला. आज सकाळी माझ्या दुर्बिणीच्या तोंडाला फिल्टर बसवून तुझ्याच आयपीसमधून सूर्य पाहिला. काठ सुरीने कापल्यासारखा होता. मधल्या मोठ्या डागाभोवतीचे बारके डागही सुटे सुटे मोजता आले.

त्याच वेळी, आठ वाजता, तू बेलपाड्याच्या गच्चीवरून, दुसरं भिंग लावून, सूर्य काढलास. आपला रविवारचा नेम. तू कागदावर, मी कॅमेऱ्याने, आणि दहाच्या आत एकमेकांना पाठवायचं. ज्याचे डाग कमी भरतील त्याने मिसळ द्यायची. इतकी वर्षं मिसळ मीच देत आले. कॅमेऱ्याला न दिसलेला ठिपका तुला दिसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला की मी तोंड लपवायचे. गणपतीपासून मात्र मीच जिंकते आहे. आणि दादा, मला या मिसळीची चव लागत नाही.

तुझ्या आजच्या चित्रात काठाजवळचे डाग बरोबर आहेत. मध्यावर काहीच नाही. खाली तू लिहिलंयस, "हवा फार खराब. काठ उकळतोय, मध्य मळकट." मागच्या रविवारी तेच, त्याच्या आधीही तेच. मी माझे जुने व्हिडिओ काढून बसले. त्यातल्या एकाही सकाळी काठ उकळत नव्हता. बेलपाडा ते न्यू पनवेल, एकच हवा आहे आपली.

नजरेने बघणारा माणूसच अशी चूक करू शकतो. दुसऱ्या कुणाला सूर्य वाकडा दिसला असता तर तो घाबरून धावत सुटला असता. तू हवेला दोष दिलास. मग भिंगाला. मग दुर्बिणीच्या वयाला. विमानतळाच्या धुळीलाही दोन शिव्या घातल्यास. दोष देण्यासारखं आपल्याकडे इतकं काही असतं, की एक गोष्ट तपासायची राहूनच जाते.

तुझ्या खिडकीच्या नव्या ग्रीलचं काय झालं? गज वाकडे बसवले म्हणून तू त्या कल्पेशला कामावरून हाकलून दिलंस. दिवाळीत तू आत फराळाची ताटं मांडत होतास, तेव्हा मी त्या गजांना इराची पट्टी लावून पाहिली. सगळे सरळ होते. मी पट्टी दप्तरात ठेवली आणि चकली खात बसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मला भीती वाटली.

त्याच दिवशी तुमच्या गेटवर कमळाबाई भेटली, वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मला म्हणाली, "ताई, भाऊंचा आमच्यावर राग हाय काय? समोरून आले नि वळख नाय दिली. हाक मारली तवा हसले." मी म्हटलं, अहो, तो ताऱ्यांच्या नादात असतो. तिला ते पटलं. मला पटलं नाही.

इरा तर खुशीत सांगत होती, "आत्याआजी, आबा स्पीडब्रेकरवरून स्कूटर उडवतात. मला घट्ट धरायला लागतं. मज्जा येते." तू तिला रोज शाळेत सोडतोस. उद्या सोमवार आहे.

आता तुझ्या लाडक्या विद्येविषयी. अंधुक तारा दिसत नसेल तर त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, नजर जरा बाजूला ठेवायची, म्हणजे तो डोळ्याच्या कडेने दिसतो. हे मला तू शिकवलंस, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा. दिवाळीला इरा नवा परकर घालून तुझ्यासमोर उभी राहिली, "आबा, कशी दिसते?" म्हणाली. तू तिच्या कानाच्या बाजूला, भिंतीकडे बघून म्हणालास, "छान." तू तिला तशी बघत होतास, दादा. अंधुक ताऱ्यासारखी.

आप्पाही असेच भिंतीकडे बघून आपल्याशी बोलायचे. त्यांनी आधी ट्यूबलाइट बदलली. मग चष्मा बदलला, मग वर्तमानपत्र बदललं, छपाई वाईट म्हणून. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचं आहे, फार उशीर केलात. पुढे शेवटपर्यंत आप्पा दार वाजलं की "कोण?" विचारायचे, आणि आपण समोरच उभे असायचो.

आता उपचार आहेत. काही प्रकारांत इंजेक्शनने ते जिथल्या तिथे थांबतं. पण गेलेली नजर परत येत नाही, म्हणून घाई करायची. मी तुला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. माझीही तपासणी करून घेणार आहे. मीही आप्पांचीच मुलगी.

पत्र खाली ठेव. एक डोळा झाक आणि ग्रीलकडे बघ. मग दुसरा झाक. तिथे हवा मध्ये येत नाही, भिंगही येत नाही.

इथून पुढे मी माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात, साध्या पेनाने लिहिते आहे. मोठं अक्षर सहज काढलं हे खोटं होतं. तुला वाचता यावं म्हणून काढलं.

दादा, एवढ्या ओळी तू स्वतः वाचल्यास तर मी चुकले. दुर्बीण खांद्यावर टाकून ये आणि माझ्या दारात उभा राहून हवं ते बोल. मी सगळं ऐकून घेईन, आणि जन्मभर मिसळ माझी.

निशा, हे तू वाचून दाखवत असशील, तर इथे थांब. ऊठ आणि स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून तुझ्या पर्समध्ये टाक. तो रागावेल. रागावू दे. पुढचं मग वाच.

पुढचं एवढंच आहे. दादा, मंगळवारी सकाळी रिक्षा घेऊन मी तुमच्या गेटवर येते. तू खाली ये. मी तुला हाक मारीन, म्हणजे मी आहे हे तुला कळेल.

तुझीच,
सुमती