नळावरचा हात

रहेमतुल्ला चाचा,
जय भीम, सलाम.

तुमच्या फिल्टरले कुलूप लागलं ते माह्याच अर्जानं. संग्रामपूरकडच्या या खाऱ्या पान्यात तुमी गोड पान्याची मशीन बसवली अन् पाच रुपयाले कॅन देऊ लागले. "नफा नाही, मले सवाब पाह्यजे, अल्लाच्या घरचं पुन्य," म्हनत. मले तवाच शंका आली.

रोज तुमी माही कॅन हातातून घ्याचे अन् सोताच भराचे. नळाले हात लावू देत नव्हते. माह्या आजीले गावानं ओंजळीत वरून पानी ओतून पाजलं, चाचा. मी दुसरं काय समजाचं? बौद्धपुऱ्यातल्या चाळीस बायांच्या सह्या घेतल्या अन् तुमी शिवाशिव पाळता म्हनून तहसीलात अर्ज देला.

काल कुलूप लावाले मानसं आले, तवा तुमच्या घरच्या सायराचाची घाईघाईनं कॅन भराले आल्या. तुमी त्यायच्याबी हातातून कॅन ओढली. "दूर हो! पाजनाऱ्याले सवाब भेटते. माहा सवाब मी कोनाले देत नाही."

तुमची शिवाशिव नव्हती, हे मले तिथंच समजलं. उद्या अर्ज वापस घेईन.

पन शंका अर्धीच गेली, चाचा. आमी नळाले हात लावला तं तुमचं पुन्य कमी होते, मंग आजीचं पानी अन् माहं पानी, दोन्ही वरूनच आलं ना?

हे पत्र तुमाले देत नाही. वाचून तुमी गोड बोलसान. कुलूप निघालं का पह्यली कॅन मी भरीन, तुमच्याच घरची. तवा तुमचा हात नळावरून निंगते का, ते पाहीन.

चाळीस सह्यांतली पह्यली,
मंजुश्री