ठोशाला टिकेल असा लाल

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तू भलत्यालाच हो म्हणतेस, म्हणून पत्र.

शनिवारची बॉक्सिंगची लढत हरले. म्हणजे हरले कसली, मला हरवलं! तिसऱ्या राउंडपर्यंत समोरचीला मी धू धू धुतलं होतं. तेवढ्यात माझा ओठ फुटला. आमच्या म्हाताऱ्या रेफ्रीचं रक्त दिसलं की धाबं दणाणतं. त्याने लढत थांबवून तिचाच हात वर केला. मास्तर म्हणतात, आता एक जरी हरलीस तरी क्लबातून नाव कापतो. सात वर्षं मार खाल्लाय मी इथे.

पण एक सांगते, हसू नकोस. कपडे बदलायच्या खोलीत आरशात पाहिलं तर ओठ रक्ताने लालभडक, आणि मला मी फार आवडले. हा चेहरा कुणाच्या बापाला भीत नाही असं वाटलं. मग डोक्यात आलं, ओठ आधीच लाल असले तर रक्त कुणाला दिसणार? तू आयुष्यभर दुकानात लिपस्टिकच विकल्यास. घामाला, पाण्याला, ठोशाला पुरून उरेल अशी कशी लावायची ते लिही. माझ्या खोलीत राहणारी लांबडी तुला नमस्कार सांगते. तीही याच क्लबात आहे.

मार खाऊनही न सुधारलेली तुझी भाची,
ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून आधी तुला चार शिव्या घातल्या, मग पोट धरून हसले. रेफ्रीच्या डोळ्यांत धूळ फेकायची अक्कल आपल्याच घराण्याची!

आता नीट वाच. एकतीस वर्षं मी काउंटरमागे उभी होते. गुलाबी घेणारी बाई दहा रंग बघते, बरोबरच्या माणसाला विचारते, शेवटी उद्या येते म्हणून जाते. लाल घेणारी घरूनच ठरवून येते. लाल लावला की लोक बघणारच, मग लाजून चालत नाही. त्याची गंमतच ती. म्हणून लावायचा तर मान वर. निम्मं काम मानेचं असतं.

तू विटकरी घेऊ नकोस, गडद लाल घे, त्याने दात पांढरे दिसतात. रंग दिव्याखाली निवडायचा नाही, दारात उजेडाला जायचं. ओठांची सालपटं ओल्या फडक्याने काढ. पेन्सिलने कडा आख, आतही तीच भर. मग लिपस्टिकचा एक हात दे. कागदी रुमाल ओठांत धरून दाब, पातळ कागद ओठांवर ठेवून वरून पावडर फिरव, मग दुसरा हात. शेवटी बोट तोंडात घाल, ओठ मिट आणि बाहेर ओढ, म्हणजे दातांना लागायचं ते बोटाला लागतं. एवढं केलंस की जेवलीस तरी हलणार नाही. ठोशाचं तूच कळव.

लांबडीला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे म्हणून एवढं फुकट शिकवते.
आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. जिंकले! गाल आतून फाटला, तोंडभर रक्त झालं, मी गिळत राहिले. रेफ्री अगदी नाकाशी येऊन बघून गेला आणि लिपस्टिकच आहे म्हणून त्याने हात झटकला. मग मी तिला दोरांवर दाबून बरगड्या अशा शेकल्या की ती गुडघ्यांवर बसून ओकली. कीव यायला हवी होती. आली नाही. मी हसत होते म्हणे.

आता क्लबातल्या सगळ्या पोरी लाल लावतात. लांबडीला मीच लावून दिली, हनुवटी धरून, तुझ्या पद्धतीने. काय दिसते म्हणून सांगू! पण खरी बातमी पुढेच. मोठ्या स्पर्धेला एकच जागा आहे आणि तिच्यासाठी वीस तारखेला मी आणि लांबडी समोरासमोर. दोघी हसण्यावारी नेतोय, पण आत्या, जागा मला हवी आहे. फार हवी आहे.

माया असू दे, त्या दिवशी तर जास्तच.
ठमी

९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
दोघींचेही ओठ लाल म्हणजे बिचाऱ्या रेफ्रीची पंचाईतच! मैत्रीबित्री दोरांबाहेर ठेव. आपल्या घरात आजवर कशातही कुणी पहिलं आलेलं नाही. तू ये. हातचं राखून मारू नकोस.

वाट बघणारी,
आत्या

२३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. जागा मला मिळाली. लांबडी इस्पितळात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, पाच दात गेले, रक्त श्वासनळीत उतरलं. तीन दिवस झाले, तिने डोळे उघडलेले नाहीत.

दुसऱ्या राउंडला माझा उजवा तिच्या तोंडावर बसला आणि हनुवटीभर लाल पसरलं. रेफ्रीला वाटलं, लिपस्टिक पुसली गेली. त्याने थांबवलं नाही. मास्तर म्हणतात, चौकशीत तूही तेच सांग. तिच्या आईनेसुद्धा माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तुला बिचारीला कसं कळणार होतं म्हणाली.

आत्या, मला कळलं होतं. ते माझ्या ओठांवर उडालं. कोमट होतं, खारट होतं. लिपस्टिक खारट नसते हे मला नाही तर कुणाला माहीत? तिचे हात खाली आले होते. ती माझ्याकडे बघत होती. त्यानंतर मी चार ठोसे मारले. चौथ्याला हाड मोडल्याचं ऐकू आलं.

आणि जागा मला अजून हवी आहे. हे फक्त तुला लिहिलंय. वाचून जाळून टाक. मी काय करू?

ठमी

२७ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.
पत्र जाळलेलं नाही. पिशवीत घातलंय आणि परवा सकाळच्या गाडीने निघते.

आधी माझं. युक्ती तू काढलीस, शिकवली मी, आणि हातचं राखू नकोस हेही मीच लिहिलं. माझी पत्रं तुझ्याजवळ असतील तर चौकशीत दाखव. मला काय व्हायचं ते होऊ दे.

आता तुझं. परवा दुपारी आपण दोघी तिच्या आईसमोर बसायचं. चार ठोशांचं तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने. नाही सांगितलंस तर तुझं पत्र मी वाचून दाखवीन. जागा जाईल. जाऊ दे मेली! ती माउली तुला मारेलही. मारू दे. हात वर करू नकोस.

लोभ आहे. सगळं वाचूनही तो तसूभर कमी झालेला नाही, आणि मला त्याचीच लाज वाटते.

आत्या