मासा आपणहून येईपर्यंत

मी, बेंजामिन एलिझर चेऊलकर, वय वर्षे पंचावन्न, मुंबई विद्यापीठाचा बी.कॉम., व्यवसायाने लेखापाल, राहणार हॅझल ब्रूकच्या काठावरील शेवटचे घर, नॉटिंगहॅम, या लेखाने माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था नमूद करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि मी काय लिहीत आहे ते मला पूर्णपणे कळते. येत्या बुधवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. सर्जनसाहेब निर्धास्त आहेत. मी लेखापाल असल्यामुळे दोन्ही शक्यतांची तरतूद करून ठेवतो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

मृत्युपत्र मराठीत असण्याला माझ्या सॉलिसिटरांचा आक्षेप होता. इंग्रजी भाषांतर त्यांनी खुशाल जोडावे. दोहोंच्या अर्थामध्ये फरक पडल्यास मूळ मराठी ग्राह्य धरावे. यातील पुष्कळसा मजकूर माझी दिवंगत पत्नी एलिशेबा हिच्या शब्दांवर आधारलेला आहे, आणि तिने ते शब्द मराठीत उच्चारले होते.

कलम १. राहते घर माझ्या दोन मुलींना, म्हणजे एडिनबरा येथे नर्स असलेल्या ईवाला आणि रीडिंग येथे विमा कंपनीत काम करणाऱ्या ज्युलिएटला, समसमान मिळावे. त्यांनी ते ठेवावे अथवा विकावे. पाटा-वरवंटा मात्र ईवाला द्यावा. ज्युलिएट तो बागेत शोभेसाठी मांडील, आणि बोटीतून इतके वजन आणण्याबद्दल मी जी बोलणी खाल्ली ती त्यासाठी नव्हेत.

कलम २. बँकेतील शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, दोघींत सारखी वाटावी. माझ्या थडग्यावर एलिशेबाच्या थडग्यावर आहे त्याहून मोठा दगड नसावा.

कलम ३. घरामागची, नदीच्या मध्यधारेपर्यंत माझ्या मालकीची असलेली जमिनीची पट्टी या वाटणीत धरलेली नाही. नकाशावर त्या पाण्याचे नाव ब्रूक, म्हणजे ओढा, असे असले तरी एलिशेबा त्याला पहिल्या दिवसापासून नदी म्हणत आली, आणि या लेखातही त्याला नदीच म्हटले आहे. पट्टीचे काय करावे हे सांगण्यापूर्वी ती मला का विकता येत नाही हे सांगणे भाग आहे, कारण ज्युलिएटने मला तोच प्रश्न वारंवार विचारला आहे.

आम्ही बासष्ट साली येथे आलो. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना होता आणि त्याच्याच हिशेब खात्यात मला नोकरी मिळाली. कारखान्याचे उरलेले पाणी नदीत सुटत असे. नदी कधी निळी, कधी तपकिरी, तर कधी शेंदरी वाहत असे. ऑफिसात ऑर्डरचा कागद माझ्या टेबलावर येण्याआधी एलिशेबा मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगत असे, "अहो, आज गडद निळं सुटलंय. शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर आलेली दिसतेय." ती सहसा चुकत नसे. रविवारी कारखाना बंद असे. म्हणून रविवारीच पाण्याला त्याचा स्वतःचा रंग असे.

आम्ही बेने इस्राएल. आमच्या नव्या वर्षाच्या सणाला वाहत्या पाण्याकाठी उभे राहून तश्लिखची प्रार्थना म्हणायची आणि वस्त्राची टोके पाण्यावर झटकायची, म्हणजे सरत्या वर्षाची पापे पाण्याबरोबर जातात, असा आमचा रिवाज आहे. पाण्यात मासे असावेत असेही सांगतात, कारण माशांचे डोळे मिटत नाहीत; तसा देवही आपल्यावरची नजर काढत नाही. एलिशेबाचे माहेर रेवदंड्याचे. तेथील खाडीवर प्रार्थना चालू असताना बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारीत, आणि लहान मुली देवाचे नाव सोडून तेच मोजीत बसत, असे ती सांगे. येथे पहिल्याच वर्षी ती पांढरे पातळ नेसून काठावर गेली आणि तशीच परत आली. "मेलेल्या पाण्यापुढे काय झटकायचं?" एवढेच म्हणाली. त्यानंतर दरवर्षी ती खिडकीशी बसून प्रार्थना वाची. पदर झटकत नसे.

माझे मित्र रुबेन रोहेकर यांना हे पाहवेना. सदुसष्ट साली सण आणि येथील गूझ फेअरची जत्रा एकाच आठवड्यात आली. आमचा विसाव्याचा शनिवार मावळल्यावर रुबेन जत्रेत गेले आणि कड्या फेकण्याच्या खेळात त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले सोनेरी मासे जिंकले. रविवारी त्यांच्याच आग्रहावरून आम्ही प्रार्थनेसाठी काठावर जमलो, त्यापूर्वी त्यांनी ते कोणास न सांगता पाण्यात सोडले. एलिशेबाला पाण्यात सोनेरी काहीतरी हलताना दिसले. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मला रुतली. इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदाच तिने उभ्याने प्रार्थना म्हटली आणि पदर झटकला.

सोमवारी कारखाना सुरू झाला. पुलाखालच्या लोखंडी जाळीशी ते सर्व मासे पोट वर करून अडकलेले तिनेच पाहिले. ते जत्रेतले आहेत हे ओळखून तिने रुबेनना बोलावून घेतले. तिने आवाज चढवला नाही.

"रुबेनभाऊ, मला फसवलंत त्याचं मला काही नाही. पण त्या मुक्या जिवांच्या अंगावर माझी वर्षाची पापं झटकायला लावलीत, आणि मग ते मेले."

रुबेन म्हणाले की, वहिनी, तुमच्यासाठीच केलं.

"माझ्यासाठी करायचं तर पाणी नीट करा. मासा आपणहून येऊ दे. तोवर मी पदर झटकणार नाही."

दुसऱ्या रविवारी तिने रबरी बूट विकत आणले आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घराचे दार ठोठावले. तिचे इंग्रजी मोडकेतोडके होते, परंतु हातात रिकामी बादली असल्यामुळे कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. प्रथम रुबेन आले, कारण त्यांना येणे भाग होते. नंतर हॉस्पिटलातले डॉ. शशिधर नाडगौडा आले आणि आम्हां सर्वांना धनुर्वाताची इंजेक्शने देऊनच पाण्यात उतरू दिले. शेजारचे निवृत्त खाणकामगार थॉमस रॅग पहिले काही रविवार कुंपणावर कोपर टेकून नुसते पाहत होते. आम्ही गाळातून बाबागाडी ओढून काढली तेव्हा, मूलही आहे का बघा, असे त्यांनी विचारले. आणि मासे परत आले तर तुम्ही लोक त्यांची करी कराल, असेही म्हणाले. एलिशेबाने त्यांना उत्तर म्हणून दुसरे फावडे दिले. ते त्यांनी घेतले. सायंकाळी ते माझ्याशी प्रथमच नीट बोलले: लहानपणी याच वळणावर ते जाळे लावून बसत असत. त्यानंतर ते रविवारी चर्चला जाईनासे झाले आणि त्याचा दोष त्यांच्या पत्नीने माझ्यावर ठेवला.

पुढे गल्लीच गोळा झाली. पलंगांच्या चौकटी, टायर, एक अख्खे शिलाई मशीन निघाले. काठावर विलोच्या झाडाच्या फांद्या रोवल्या. परंतु जोवर सोमवार येत होता तोवर हे सर्व व्यर्थ होते. म्हणून अर्ज लिहिला गेला की, कारखान्याने रंगाचे पाणी नदीत न सोडता गटारलाइनला जोडावे. अर्जावर सर्वांत वर माझी सही होती. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारले की, ही सही आपण कारखान्याचे लेखापाल या नात्याने केली आहे काय? मी म्हणालो, "नाही, काठावरचा रहिवासी म्हणून." त्यांनी माझी बढती थांबवली, लेखापाल म्हणून की रहिवासी म्हणून, हे मात्र त्यांनी स्पष्ट केले नाही. एकाहत्तर साली रंगाचे पाणी नदीत येणे बंद झाले.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात एलिशेबा छातीच्या विकाराने वारली. तेव्हा पाणी स्वच्छ होते. तळाचे गोटे दिसत होते, शेवाळ हिरवे होते; मासा नव्हता. हॉस्पिटलात तिने मला, "आला की कळवा हं," असे सांगितले. मी होय म्हटले. हे मी दिलेले एकमेव वचन आहे ज्याची मुदत माझ्या हातात नव्हती.

कलम ४. आता पट्टीविषयी. रस्ता रुंद करण्यासाठी नदी सिमेंटच्या पाइपात घालावी अशी कौन्सिलची योजना आहे आणि त्यासाठी माझी पट्टी त्यांना हवी आहे. ज्युलिएट म्हणाली, "पप्पा, पाइपमध्ये घातला तरी वॉटर तोच राहते ना? मग एवढा हट्ट कशाला?" मुली, पाणी तेच राहते. पण अंधारात आईने खिडकीतून काय पाहिले असते?

म्हणून ही पट्टी रुबेन रोहेकर, ईवा आणि ज्युलिएट या तिघांच्या नावे विश्वस्त म्हणून राहावी. विक्री, भाडेपट्टा अथवा पाइप यांपैकी कशालाही तिघांचे एकमत लागेल. ज्युलिएट विकण्याच्या बाजूची आहे हे जाणूनच तिला नेमले आहे. तिला वर्षातून एकदा तरी काठावर येऊन बैठक भरवावी लागेल. सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार कौन्सिलला आहे हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो वापरावा. आपण होऊन सही देऊ नये.

कलम ५. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या आहेत. त्यांत एलिशेबाने निरनिराळ्या वर्षी भरलेले नदीचे पाणी असून पहिले शाईसारखे आहे आणि शेवटच्या बरणीतून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येते. पहिली बरणी कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना त्यांच्या टेबलावर ठेवण्यासाठी पाठवावी. सोबत पत्र नको. शेवटची बरणी माझ्या मुलींची.

कलम ६. फावडी, दाताळी, दोर व रबरी बूट रविवारच्या मंडळींच्या सामाईक मालकीचे समजावेत. एलिशेबाने श्री. रॅग यांना दिलेले फावडे त्यांच्याच नावे ठेवण्याचा माझा विचार होता. परंतु ते या लेखाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रान्वये काही देता येत नाही. म्हणून ते मी काल त्यांना हयातीतच दिले. त्यांनी ते नऊ वर्षे आपल्याच शेडमध्ये असल्याचे निदर्शनास आणले.

कलम ७. रुबेन, तुमच्यावरचा राग मी येथे सोडतो. एलिशेबाने तो केव्हाच सोडला होता. तुम्ही दर रविवारी येत राहावे म्हणून तिने तुम्हांला कळू दिले नाही.

कलम ८. मासा आला हे कशावरून धरावे, याबद्दल मंडळींत वाद आहे. श्री. रॅग शपथेवर सांगतात की, या कोरड्या उन्हाळ्यात पाणी आटले असताना विलोखालच्या डोहात त्यांनी एक काटेरी पाठीचा छोटा मासा पाहिला. ते एकटे होते. आमच्या धर्मशास्त्राला आणि या देशाच्या मृत्युपत्राच्या कायद्याला, दोहोंनाही दोन साक्षीदार लागतात. माशाला त्याहून कमी चालणार नाही. दोघांनी एकाच वेळी पाहावा. तो कोणी विकत आणलेला, जिंकलेला वा सोडलेला नसावा.

ऑगस्टअखेरीस, पहिल्या पावसानंतर, त्याच डोहात मीही काहीतरी पाहिले. दोन बोटांएवढी सावली प्रवाहाच्या उलट तोंड करून स्थिर उभी होती. मी हाक मारली, पण जिला मारली ती घरात नव्हती. ही साक्ष मी जमेस धरत नाही. ज्याचा हितसंबंध आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि या माशात माझ्याइतका हितसंबंध दुसऱ्या कोणाचाही नाही.

कलम ९. एलिशेबाचे पांढरे पातळ कपाटात वरच्या खणात आहे. ते कोणी नेसू नये, कोणाला देऊ नये. ज्या वर्षी मासा दोघांच्या साक्षीने ठरेल त्या वर्षीच्या सणाला ईवाने आणि ज्युलिएटने ते काठावर न्यावे, रुबेननी प्रार्थना म्हणावी आणि दोघींनी मिळून त्याचा पदर पाण्यावर झटकावा. त्यानंतर दफनभूमीत जाऊन आईला सांगावे. मी तोवर तिच्या शेजारी असेन. तरीही तिलाच सांगावे, मला नव्हे. ज्युलिएटने सांगावे, आणि मराठीत सांगावे. चुकले तरी हरकत नाही. ती खूप दिवस वाट पाहत आहे, तिला कळेल.

हा लेख मी नदीकाठच्या बाकावर बसून, खाली नावे दिलेल्या दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करून पुरा केला, आणि त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. श्री. रॅग यांना मराठी येत नाही. यात आपल्याला शिव्या नाहीत ना, एवढे त्यांनी विचारून घेतले. सही झाल्यावर दोघेही उठून विलोखालच्या डोहाकडे गेले आहेत आणि डॉक्टरांनी चष्मा पुसून घेतला आहे. ते परत येईपर्यंत मी थांबत नाही.

साक्षीदार:
१. डॉ. शशिधर नाडगौडा, नॉटिंगहॅम
२. थॉमस रॅग, नॉटिंगहॅम

(सही) बेंजामिन एलिझर चेऊलकर
नॉटिंगहॅम
रविवार, १९ सप्टेंबर १९७६